आवडाबाईंचं वल्हं

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत वल्हं कशाला म्हणतात असं विचारलं, तर लहान मुलं सांगतात, खीर ढवळायच्या लांब लाकडाला. वल्ह्यानं होडी चालवतात, हे त्यांना पुढं शाळेत कळतं. याला कारण आवडाबाई.

नाथसागराच्या काठी त्यांची होडी होती. पलीकडच्या शेतांत जाणाऱ्यांना त्या आणि त्यांचे यजमान फकिरा नेऊन सोडत. फकिरांनी शेवटी बाभळीचं एक वल्हं घडवलं, पण ते पाण्याला लागण्याआधीच फकिरा वारले. मग दुष्काळात पाणी इतकं मागं हटलं की लोक चालतच पलीकडं जाऊ लागले. मुलगा बद्रीनाथ इथं शहरात, आमच्या गल्लीत राहून बांधकामावर जाई. त्याच्याकडं आवडाबाई आल्या त्या कोरं वल्हं खांद्यावर घेऊन.

"आई, आता बस निवांत," तो म्हणे.

"बसून गंज चढंल मला."

त्यांना स्वतःचं काम हवं होतं. साठीच्या बाईला ते कुणी देईना.

शहर वाढत होतं, तशी लग्नाची लॉनं वाढत होती. शेजारचा कडुबा आचारी तिथली जेवणं करी. एकदा खीर ढवळणारा गडी ऐनवेळी आला नाही. आवडाबाई वल्हं घेऊन हजर.

"मावशी, होडी कुठं लावली?" कडुबा म्हणाला. "माझ्या खिरीला मासळीचा वास यायचा."

"ह्यानं पाणी बी पाह्यलं नाय अजून. राखंनं घासून आणलंय. हुंगून बघ."

त्यानं खरंच हुंगलं आणि बाजूला सरकला.

पाय फाकवून त्या कढईशी उभ्या राहिल्या. थोडं उजवीकडून, थोडं डावीकडून वल्हं फिरू लागलं.

"एकाच अंगानं वल्हवलं तर होडी गरगर फिरती. खीर बी तशीच. मधी थांबती अन् लागती."

"हात भरून आले तर सांग, मावशी."

"हातानं कोण वल्हवतं? कमरंनं वल्हवायचं."

खीर उतरल्यावर कडुबानं तळ खरवडून पाहिला. काळं काहीच निघालं नाही.

"उद्या देवगाव रंगारीला जेवणं हायेत. येती का?"

"येते. पण टेम्पोत पुढं बसंन. मागं हंड्यांत नाय."

"पुढं मी बसतो की."

"मंग तू बस मागं."

सकाळी टेम्पो गल्लीतून निघाला, तेव्हा पुढच्या खिडकीत आवडाबाई होत्या. मागं हंड्यांमध्ये कडुबा अंग चोरून बसला होता.