तितक्याच जोरात

"वहिनी, हळू बोला, लोक ऐकतील."

"ऐकू देत की! भाऊजी, माझी पानवेल मुळापासून तोडलीत, तेव्हा गल्लीभर ओरडलात, 'वहिनीच्या पाल्यानं कुणी बरं होत नाही!' आता तितक्याच जोरात सांगा, गळू कुठं झालंय."

दीर उभ्यानंच घाम पुसत होता, त्याला बसता येईना. तोडलेल्या वेलीचं एक कांडं वहिनीनं मागल्या दारी जगवलं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

शेवटी तो ओरडला, "ढुंगणावर!" शेजारच्या खिडकीत हसू फुटलं.

वहिनीनं विड्याच्या पानाला एरंडेल लावलं, तव्यावर शेकलं आणि त्याच्या हातात ठेवलं. "बायकोकडून बांधून घ्या. उद्याचं पान हवं असेल तर याच आवाजात मागा."

मग ती वेलीचा नवा शेंडा काठीला बांधायला गेली.