मेव्हण्याच्या हातातला दोर

१९५७ साली बहिरू असवले नागा टेकड्यांतल्या पलटणीतून सुट्टीवर आहुप्याला आला, तेव्हा गावाला त्याच्यापेक्षा त्याच्या बुटांचंच नवल. शेजारचे म्हातारे गेणभाऊ तर शब्दाशब्दाला खाकरायचे, "मंग... अहं... गोळी सुटली म्हंजी... अहं... कसं वाटतं रं?" बहिरू तोंडानंच गोळी उडवून दाखवी आणि पोरीबाळी किंचाळत पळत.

खरं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्याच चकमकीत तो ओंडक्यामागं पडून राहिला होता. बोट चापावर, पण हलेना. शेजारी पारगावचा कुंडलिक पायात गोळी लागून ओरडत होता. नंतर कुणी काही विचारलं नाही. बहिरूला मात्र राहून राहून कोडं पडे: बोट आपलंच, मग ऐकलं कुणाचं? न घाबरणारी माणसं असतात तरी कशी? सुट्टीचे सहा दिवस उरले होते, आणि पलटणीत परतायचं की रानात दडायचं, ठरत नव्हतं.

त्याचे सासरे कुशाबा चाळीस वर्षं कड्यावरची आग्या मोहळं काढत होते. बहिरूनं त्यांनाच गाठलं.

"मामा, तुमाला भ्या वाटतं का वो?"

"तर! लई."

"मंग उतरता कसं?"

"सांगून काय कळायचं न्हाई, पावणं. उद्या तुमीच उतरा."

कड्यावर रीत अशी, की दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. बहिणीचं कुंकू त्याच्या मुठीत, तो कशाला सोडतोय! उतरणाऱ्यानं सारखं बोलत राहायचं; गप्प झाला की वर ओढायचं. सकाळी मेव्हण्यानं, सावळेरामनं, दोर झाडाला वेढा देऊन धरला आणि डोळे बारीक केले. "दाजी, भागूताईशी भांडला नाय ना? आत्ताच सांगा, राव!"

बहिरू बडबडत उतरला. धूर दिला, माश्या उठल्या, एक कानाला डसली, दोन ओठांना. पोळ्यापाशी कोयता उचलला आणि हात तिथंच थिजला. तसाच, ओंडक्यामागच्यासारखा. तोंडही मिटलं.

वरून दोराला ताण बसला.

"वढू नको!" तो ओरडला. "भ्या वाटतंय रं! हात हलंना!"

"वाटू द्या की! हात काय करतोय?"

"कापतोय!"

"कापू द्या. कोयता हाय ना हातात?"

"हाय!"

"मंग कापत कापत कापा!"

भीती तसूभर कमी झाली नाही. पोळं मात्र टोपलीत आलं.

वर आल्यावर, सुजलेल्या ओठांनी, बहिरूनं सावळेरामला ओंडक्याची गोष्ट सांगितली. सावळेरामनं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला.

"कुंडलिकला म्हाईत हाय?"

"न्हाई. पाय गेला त्याचा. घरीच असतो आता."

"मंग मला काय सांगताय, दाजी?"

बहिरू चार दिवस आधीच गणवेश चढवून निघाला आणि वाटेत पारगावला उतरला. कुंडलिक ओट्यावर कुबडी टेकून बसला होता. बहिरूनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कुंडलिकनं आधी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. दम लागल्यावर थांबला आणि त्याच्याकडं निरखून पाहू लागला.

"कुठं निघालास?"

"पलटणीत."

"आता भ्या न्हाई वाटत?"

"लई वाटतंय."

"मंग बस जरा," कुंडलिक म्हणाला. "नीट सांग. मला बी वाटत व्हतं. कुणी इचारलंच न्हाई."