भजनाचा होमवर्क

माझ्या रिचमंड हिलच्या घरी, बेसमेंटमध्ये, दर गुरुवारी भजन असतं. निदान सगळ्यांच्या नवऱ्यांना तसं माहीत आहे. खरं तर तिथे बायॉलॉजी चालतं. एवढी भानगड म्हटल्यावर किस्से व्हायचेच. साचतात मेले बर्फासारखे, फक्त शोव्हल करून बाजूला सारता येत नाहीत.

सुरुवात शुभांगीपासून. नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा प्रशांतचं स्थळ आलं. वडील म्हणाले, "कॅनडाला जाऊन शीक की!" लग्न झालं, कॅनडात आली, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली. मग ही म्हणाली, नर्सिंगला अप्लाय करते. प्रशांत म्हणाला, "शिकायचंच होतं तर इंडियात शिकून यायचं ना!"

वडील काय, नवरा काय, दोघंही अगदी प्रेमाने बोलले.

कॉलेजची एंट्रन्स टेस्ट होती. अभ्यासाला प्रशांतचा नकार, भजनाला मात्र स्वतः कारने सोडायला तयार! मी पुण्याला ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवायचे. आणखी दोघी आल्या, टाळ आणले, झालं भजनी मंडळ.

*

एकदा स्नो वाढला म्हणून प्रशांत लवकर न्यायला आला. भिंतीवर हृदयाचा हा मोठा चार्ट! आम्ही घाईघाईने टाळ उचलून 'विठ्ठल विठ्ठल' सुरू केलं. पुढचं कुणालाच येत नव्हतं, म्हणून तेवढंच म्हणत राहिलो. तो जिन्यात हात जोडून उभा. मग चार्टकडे बघून म्हणाला, "देव हृदयात असतो, हे चांगलं दाखवलंय."

*

शुभांगीच्या लेकीने, इराने, जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "मॉम, व्हाय डज भजन हॅव होमवर्क?"

शुभांगीने तिला आणखी एक पोळी वाढली.

*

मग नागपूरहून शुभांगीच्या सासूबाई, आमच्या काकू, आल्या. त्यांचं अर्धं आयुष्य भजनी मंडळात पेटी वाजवण्यात गेलेलं. शुभांगीचा रडत फोन. "मेधाताई, आता संपलं सगळं. मला नर्स व्हायचंय हो, दुसरं काही नको." गुरुवारी काकूंना घरी ठेवायला आम्ही काय काय थापा मारल्या, विचारू नका.

*

टेस्ट तोंडावर आली आणि गणपती आले. प्रशांतने कौतुकाने आमच्या मंडळाचं नाव परस्पर स्टेजसाठी देऊन टाकलं!

व्हिडिओ बघून एक अभंग बसवला. शुभांगी त्याच चालीवर हाडांची नावं पाठ करायची. स्टेजवर दुसऱ्या कडव्याला आम्ही तिघी शब्द विसरलो, आणि शुभांगीच्या तोंडून निघालं, "फीमर, टिबिया, फिब्युला..." काय करणार, आम्हीही मागून तेच म्हटलं. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, कानडी असावं.

काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ठेका धरला.

परत येताना मी त्यांच्याच कारमध्ये होते. शुभांगी खिडकीबाहेर बघत होती. घर जवळ आल्यावर काकू म्हणाल्या, "प्रशांत, हिचं भजन लई कच्चं आहे रे."

"हो का आई?"

"मग! गुरुवारच्या गुरुवारी जाऊन पास नाही व्हायची ती. रोज पाठव. स्वयंपाकाचं मी पाहते."

प्रशांत बरं म्हणाला.