अख्खा भोपळा

आमच्या इमारतीत एकही गोरा माणूस राहत नाही. बर दुबई या जुन्या भागातली सहा मजली इमारत. खाली शिंप्याचं दुकान आणि एक कॅफेटेरिया, वर सगळे आपलेच: मल्याळी, गुजराती, सिंधी आणि आम्ही तीन मराठी घरं. अशा इमारतीत दर वर्षी हॅलोविन होतं, आणि तेही कमिटी नेमून होतं. पाण्याची टाकी साफ करून घ्या म्हणून मालकाच्या मागे लागायला इथे दोन माणसं एकत्र येत नाहीत. काळ्या कागदाची वटवाघळं कापायला मात्र नऊ बायका खाली लॉबीत मांडी घालून बसतात.

कमिटीच्या प्रमुख बाई पुण्याच्या. ऑक्टोबर अर्धा सरला की ग्रुपवर त्यांचा हातभर लांब मेसेज येतो, या सणाचा उगम सांगणारा. फार जुन्या काळी आयर्लंडकडचे लोक मानायचे की सुगी संपली की एका रात्री गेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी खायला ठेवायचं. त्यांच्यामागून वाईटसाईटही येतं, म्हणून तोंडाला मुखवटे लावायचे, म्हणजे ते आपल्याला ओळखत नाही. सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचा. पुढे ही मंडळी अमेरिकेला गेली, तिथे भोपळे मुबलक, म्हणून सलगमाच्या जागी भोपळा आला. गोरगरीब दारोदार जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचे आणि त्यांना गोड पाव मिळायचा, त्याचंच आता चॉकलेट झालंय. मेसेजच्या शेवटी बाईंचं एक वाक्य असतं, ‘किती ब्युटिफुल ट्रॅडिशन आहे ना!’

याच बाईंना मी एकदा विचारलं होतं की पितृपंधरवड्यात तुम्ही पान ठेवता का. तर म्हणाल्या, “नाही गं, आम्ही ते सगळं बंद केलं. फार डिप्रेसिंग वाटतं.” म्हणजे स्वतःचे सासरे डिप्रेसिंग आणि आयर्लंडचे आजोबा ब्युटिफुल.

माझा नवरा या थेरांत सगळ्यांच्या पुढे असायचा. महिनाअखेर आली की हा एक भलामोठा नारिंगी भोपळा छातीशी धरून लिफ्टमधून वर यायचा. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरायचा आणि मुलीला समोर बसवून भोपळ्याला डोळे, नाक, दात काढायचा. चित्रकलेत त्याचा आनंदच होता, त्यामुळे दर वर्षीचा भोपळा दाढ दुखत असल्यासारखा दिसायचा. मी नावं ठेवत बाजूला उभी राहायची. भोपळ्याला हात लावायची मला बंदीच होती, आणि ती साताऱ्याहून फोनवर घातली जायची. “तूच चिर रे,” सासूबाई व्हिडिओ कॉलवर सांगायच्या. “तिच्या हातात सुरी देऊ नकोस.”

कारण आमच्या सासरी बाईने अख्खा भोपळा चिरायचा नसतो. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाईने त्याला पहिली सुरी लावली तर पोटच्या थोरल्याला बाधतं. पुरुषाने एकदा दोन भाग करून दिले की मग बाईने त्याच्या खुशाल फोडी कराव्यात, भाजी करावी, घारगे तळावेत. जन्मभर विळीवर बसायचं बायकांनी, आणि पहिल्या चिरेचा मान तेवढा पुरुषाचा. अकरा वर्षं मी या गोष्टीला हसले. माझा नवरा हा सासूबाईंचा थोरला, आणि धाकटाही तोच, एकुलता एक.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तो ऑफिसात खुर्चीतच गेला. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस, दुपारी फोन आला.

त्या ऑक्टोबरात आमच्याकडे भोपळा आला नाही. आमच्या इमारतीचा नियम असा की ज्या दाराशी भोपळा, त्याच दाराची बेल मुलांनी वाजवायची. मुलीला मी हे नीट सांगितलं होतं, तरी ती नऊ वर्षांची पोर चॉकलेटचा वाडगा मांडीवर घेऊन दाराआड तासभर बसून राहिली. बाहेर मुलांच्या चपला आमच्या दारावरून पुढे जाताना तिला ऐकू येत होत्या. “मम्मा, दे आर स्किपिंग अस,” ती म्हणाली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

या वर्षी कमिटीच्या बाई स्वतः दारात आल्या, हातात यादी. “तुमचा फ्लॅट आम्ही नाही घेतलाय हं लिस्टमध्ये. डोन्ट माइंड. तुमच्याकडे अजून सॅड सिच्युएशन आहे ना, मुलांना ऑकवर्ड नको.” चेहऱ्यावर सहानुभूती अशी थापलेली की खरवडून काढावी लागली असती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सण मेलेल्यांचा, आणि ज्या घरातलं माणूस गेलंय नेमकं तेच घर यादीतून वगळलेलं. “लिहा,” मी म्हटलं. “आमच्याकडे भोपळा असणार आहे.” हॅलोविनचं प्रेम वगैरे काही नाही, निव्वळ चिडून बोलले. पण आत मुलीने ते ऐकलं होतं, आणि आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

तेव्हा सासूबाई माझ्याकडेच होत्या. सप्टेंबरात दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, आणि आल्या त्या एकच गोष्ट मनात धरून. आम्हा दोघींना साताऱ्याला घेऊन जायचं. “पुरुषाशिवाय परक्या मुलखात घर नसतं,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “नुसता मुक्काम असतो.” माझी इथे नोकरी आहे, व्हिसा माझ्या नावावर आहे, मुलीची शाळा आहे, हे मी चारदा सांगितलं. त्यांनी चारदा ऐकून घेतलं आणि पाचव्यांदा परतीचं तिकीट किती जणांचं काढायचं ते विचारलं. आमच्या दोघींचं आधीपासूनच विळ्याभोपळ्याचं सख्य. मधे तो होता म्हणून निभावत होतं.

पितृपंधरवड्यात त्यांनी पान वाढलं. तेव्हा भोपळ्याचं अडलं नाही, कारण सुपरमार्केटात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आयती चिरलेली फोड मिळते. कुठल्याशा पुरुषाने मशीनवर चिरली असेल, असं मानून त्यांनी ती चालवून घेतली. पान बाल्कनीत ठेवलं. पण आमच्या बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावलेली आहे. एक कावळा आला, जाळीवर बसला, खीर-वड्यांकडे मान वाकडी करून पाहिलं आणि समोरच्या इमारतीवर निघून गेला. मी हसले. सासूबाई नाही हसल्या. “त्याला आत यायला वाटच ठेवली नाहीस,” एवढंच म्हणाल्या.

एकतीस तारखेला दुपारी मी भोपळा घेऊन घरी आले. त्यांनी आधी किंमत विचारली, रुपये करून पाहिले, कपाळाला हात लावला आणि मग मुद्द्यावर आल्या. “चिरणार कोण?”

“मी.”

“तू नाही.”

“आजी, इट्स जस्ट अ पम्पकिन,” मुलगी म्हणाली. आजीने तिच्याकडे अशी नजर टाकली की ती सोफ्यावर जाऊन बसली.

मग सासूबाईंनी आपणच तोड काढली. आमच्या मजल्यावर दापोलीचं एक मुसलमान कुटुंब आहे. त्यातले भाई माझ्या नवऱ्याचे जवळचे दोस्त, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जबल अलीच्या गोदामात कामाला. सासूबाईंनी मला त्यांना फोन लावायला लावला. भाईंनी ना आढेवेढे घेतले, ना हसले. “मावशी, तुम्ही हात लावू नका. शिफ्ट संपलीय, निघालोच. साडेपाचपर्यंत पोचतो, इन्शाल्ला.” आता वार कुठलाही असो, जबल अलीहून निघालेल्या माणसाचं साडेपाच म्हणजे काय असतं ते दुबईत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण सासूबाई वर्तमानपत्र पसरून, त्यावर भोपळा आणि सुरी मांडून वाट पाहत बसल्या.

साडेपाच झाले. भाईंचा मेसेज आला, ट्रॅफिक आहे. सहा झाले. मुलं वरच्या मजल्यापासून सुरुवात करत खाली येतात, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. वर कोलाहल सुरू झालेला ऐकू येत होता. मुलगी चेटकिणीची टोपी घालून दर दोन मिनिटांनी दार उघडून बघत होती.

“पण हे आहे तरी कशासाठी?” सासूबाईंनी मला विचारलं. मी कमिटीच्या बाईंचा तो मेसेज त्यांना मराठीत सांगितला, जमेल तितका वाकडा करून. म्हणे गेलेली माणसं घरी येतात. म्हणे जेवायला वाढतात, आणि वर मुखवटे घालून घाबरवतात. एकीकडे या म्हणायचं आणि एकीकडे पळा म्हणायचं.

त्यांनी माझा वाकडेपणा ऐकलाच नाही. “आणि दाराशी भोपळा नसला तर?”

“तर कुणी येत नाही. पुढच्या दारी जातात.”

वरच्या मजल्यावरचा आवाज आता तिसऱ्यावर आला होता. मुलीने टोपी काढून सोफ्यावर टाकली. ते मला सहन झालं नाही. मी सुरी उचलली.

“ठेव,” सासूबाई म्हणाल्या.

मग मी बोलले. वादात जिंकायचं असलं की माझी जीभ जशी चालते तशीच चालली. “आई, हे थोरल्या मुलाला बाधतं ना? मला मुलगाच नाही. मग मी चिरला तर बाधणार कुणाला?”

त्यांनी भोपळ्याकडे पाहिलं. पदराला हात पुसले.

“मग मलाही कुठं आहे,” त्या म्हणाल्या. “दे इकडे.”

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. अकरा वर्षं ज्या गोष्टीला मी अडाणीपणा म्हणत होते, तो या बाईचा रोजचा पहारा होता, आणि तो कुणासाठी होता हे मला आता कळत होतं. माझ्या हातातून त्यांनी सुरी घेतली आणि देठाजवळ खुपसली. साल जाड होती. पातं अर्ध्यात जाऊन अडकलं. त्यांनी जोर लावला, पुन्हा लावला.

“बघत काय बसलीस? दाब.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवून दाबलं. भोपळ्याचं झाकण निघालं. बिया काढल्या, गर त्यांनी घारग्यांसाठी पातेल्यात काढून ठेवला. डोळे मुलीने काढले, एक वर, एक खाली. दात काढायला वेळच नव्हता. आत कमिटीने घरोघरी वाटलेली बॅटरीची मेणबत्ती ठेवून आम्ही भोपळा दाराबाहेर नेला, तेवढ्यात भाई लिफ्टमधून बाहेर आले, गळ्यात कंपनीचं कार्ड, घामाघूम. त्यांनी चिरलेला भोपळा पाहिला, मग सासूबाईंकडे पाहिलं.

“झालं रे,” त्या म्हणाल्या. “चहा घेऊन जा.”

बेल वाजली तेव्हा मुलगी आणि मी उठायच्या आत त्या दारापाशी पोचल्या होत्या.

साताऱ्याचा विषय त्यांनी नंतर काढला नाही. नोव्हेंबरात त्या एकट्याच परत गेल्या. विमानतळावर ट्रॉली ढकलता ढकलता थांबल्या, मुलीची वेणी सारखी केली आणि मला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी जरा लहान आण. एकटीला चिरता आला पाहिजे.”