शीळ घालणारी फियाट

पेणच्या दामोदर गुप्ते मास्तरांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नव्हता. सारी हयात परीक्षेच्या वर्गात मागच्या बाकांशी घिरट्या घालण्यात गेली. एखाद्या पोरानं बाही सावरली की मास्तरांच्या कपाळाला आठी पडायची. निवृत्त झाले, बाह्या दिसेनाशा झाल्या, आठी तेवढी राहिली. दूधवाल्याचं माप, घड्याळजीचा चिमटा, देवळात प्रसाद देणाऱ्याची मूठ, सगळ्यांकडे ते त्याच नजरेनं बघायचे. गाव त्यांना पाठीमागे 'सीआयडी' म्हणे. हे त्यांना ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं, त्याचाही त्यांना संशय होता.

विश्वास असा एकीवरच. वडिलांनी घेतलेली चौसष्ट सालची फियाट. आणि नेमका तिनंच दगा दिला. रोह्याला बायकोच्या माहेरी निघालेले असताना भिसे खिंडीच्या चढावर ती धापा टाकत उभी राहिली. लतिकाबाई जरीच्या साडीत उतरल्या आणि त्यांनी गाडी ढकलली. मागून आलेल्या मिठाच्या ट्रकमधली माणसं टाळ्या वाजवत पुढं गेली. त्या टाळ्या लतिकाबाई विसरल्या नाहीत.

"अलिबागचा तो माणूस गाडी मागतोय ना? द्या त्याला," त्यांनी घरी आल्या आल्या सांगितलं.

मास्तर रडकुंडीला आले. अखेर तडजोड ठरली. वैशाखात रोह्याला भाच्याची मुंज होती. गाडी कुणालाही न उतरवता खिंड चढली तर राहील, नाहीतर अलिबागला जाईल. "आणि आता कुठल्या मिस्त्रीच्या दारात जायचं नाही," बाईंनी बजावलं. "आहे तश्शी चढवून दाखवा."

मास्तरांनी मान डोलावली आणि चारच दिवसांत 'माजी विद्यार्थ्यांच्या सभे'ला म्हणून, खिंड टाळून कोलाडच्या वळशानं, रोह्याला गोविंदा मिस्त्रीचं गॅरेज गाठलं.

गोविंदानं गाडी चालवून बघितली. "मास्तर, हिला म्हातारपण नाय आलेलं. हिला हवा कमी पडते. टर्बो बसवू."

"म्हणजे?"

"तुमच्या पेणला पोह्यांच्या भट्टीला पंखा असतो ना, तसाच. फरक इतकाच की ह्याला वीज नाय लागत. बाहेर पडणारा धूर पंखा फिरवतो नि पंखा इंजिनात हवा कोंबतो. कोलाडच्या भंगारात एका चेपलेल्या परदेशी गाडीचा पडलाय, बारका हाय, हिला बरोबर होईल."

धूरच हवा कोंबतो! मास्तरांना यात कॉपीचा वास आला. पण खिंड डोळ्यांपुढं होती. त्यांनी गाडी सोडली; घरी, 'सभेच्या मिरवणुकीला ठेवून घेतली' म्हणायचं ठरवून. मात्र त्याआधी बॉनेट उघडून इंजिनाच्या प्रत्येक भागावर खिळ्यानं आपली सही कोरली, पुरवणीवर करावी तशी. गोविंदा बिडी ओढत बघत राहिला.

"सही झाली का? आता एक अडचण हाय," तो म्हणाला. "हवा कोंबायची तर वर थोडी जागा करायला हवी, नाय तर इंजिन फाडफाड वाजून फुटेल. हेडखाली, म्हंजे इंजिनाच्या झाकणाखाली, जाड तांब्याचा पत्रा घालतो. आणू बाजारातून?"

बाजारातून! म्हणजे हा भेसळीचा पत्रा आणणार. मास्तर म्हणाले, "तांबं मी आणतो."

घरच्या माळ्यावर लतिकाबाईंच्या आईनं रुखवतात दिलेली भली थोरली तांब्याची परात होती. तिच्या तांब्याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. शंका नसलेली ती घरातली एकमेव वस्तू. बायको बाजारात गेलेली बघून ती परात पोत्यात गेली आणि पोतं रोह्याला गेलं.

गाडी तयार झाली. नागोठण्यापर्यंत येतात तोच मास्तरांनी थांबून बॉनेट उघडलं, तर कार्बोरेटरची जागा मोकळी! तसेच उलटे फिरले.

"चोरलास ना? कुठं विकलास?"

"व्हय, विकला. मग गाडी काय तुमच्या रागावर चालली इथवर?" गोविंदानं बोट दाखवलं. "हा बघा. पंख्याच्या अलीकडे बसवलाय. आधी पेट्रोल, मग पंखा, मग इंजिन."

मास्तर वाकले. सही त्यांचीच होती. तरी त्यांनी ती बोटानं घासून बघितली.

"आणि एक लक्षात ठेवा," गोविंदा म्हणाला. "घरी पोचलात की लगेच चावी फिरवायची नाय. पंखा तापलेला असतो, तेल फिरू द्या. एक पान जमवा, तोंडात टाका, मग बंद करा."

इथं खरी गोष्ट बिघडली. मास्तरांच्या घरासमोरच कन्याशाळेतल्या गायनाच्या सरोजिनीबाई राहायच्या, एकट्या. त्यांच्या दारापर्यंत गल्लीला चढ. चढाला मास्तर पाय दाबायचे, आणि पाय दाबला की टर्बो शीळ घालायचा. बारीक, लांब, शेवटी वर जाणारी. मग गाडी फाटकाशी थांबायची, इंजिन चालू ठेवून मास्तर आत बसायचे, तोंड समोरच्या दाराकडे, आणि सावकाश पान जमवायचे. ज्या माणसानं जन्मात सुपारीला हात लावला नव्हता, त्याचे ओठ रोज लाल.

धुणंभांडी करणारी हौसा पहिल्यांदा बोलली. "बाई, मी बोलणार नव्हती. पन शीळ ऐकलीत का? मास्तर येतात तवाच येते गो बाई. वारा नाय, पाखरू नाय."

"काहीतरीच काय!" लतिकाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पडद्यामागे उभ्या राहिल्या. शीळ आली. गाडी आली. पान जमलं. समोर सरोजिनीबाई तुळशीला पाणी घालत होत्या.

त्यानंतर लतिकाबाई वेगळ्याच नजरेनं घर बघू लागल्या. रोह्याची सभा आठवली. कुरडया घालायला माळ्यावर परात शोधली, तर परात नाही. विचारलं तर मास्तर चाचरत म्हणाले, "हौसाला विचार." हौसानं देवाची शपथ घेतली. आईची परात गेली कुणाच्या घरी? लतिकाबाईंनी सहज म्हणून सरोजिनीबाईंच्या स्वयंपाकघरात डोकावून यायचं निमित्त काढलं. तिथं सगळं स्टीलचं होतं. लपवली असणार.

आणि सीआयडी मास्तर? त्यांना कशाचा पत्ता नाही. ते रोज बॉनेट उघडून सह्या तपासत होते.

मुंजीच्या सकाळी लतिकाबाईंनी फर्मान काढलं, "सरोजिनीबाईही येतायत. मंगलाष्टकं म्हणायला. आणि हौसा."

मागे हौसा आणि सरोजिनीबाई, मांडीवर पापडांचे डबे, टपावर पोह्यांचं पोतं. मास्तर वाकून टायर बघू लागले. एवढं वजन घेऊन खिंड! लतिकाबाई पुढं बसल्या, खिडकीकडे पाठ करून, नजर नवऱ्याच्या ओठांवर.

भिसे खिंडीचा चढ लागला. मास्तरांनी पाय दाबला. शीळ उठली, लांब, कान टोचणारी.

"हीच ती! बाई, हीच!" हौसा ओरडली.

मास्तरांचे ओठ घट्ट मिटलेले होते. लतिकाबाईंनी खात्रीसाठी आपला तळहात त्यांच्या तोंडावर ठेवला. शीळ चालूच.

"अगंबाई, ही तर गाडी," सरोजिनीबाई मागून म्हणाल्या. "मला वाटायचं, गल्लीतलं कुणी पोर टारगटपणा करतंय. किती बेसूर चढते हो!"

"थांबवा गाडी," लतिकाबाई म्हणाल्या.

तळहाताखालून मास्तर गुरगुरले, "वर गेल्याशिवाय नाही!" आत्ता थांबलं तर गाडी अलिबागला. जिथं टाळ्या पडल्या होत्या ती जागा मागे गेली. वळण गेलं. फियाट शीळ घालत खिंडीच्या माथ्यावर आली, आणि कुणी उतरलं नाही.

मास्तरांनी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं, सवयीनं पानाचा डबा उघडला. लतिकाबाईंनी तो झाकला.

"काय घातलंय हिच्यात?"

मास्तरांनी बॉनेट उघडून सगळं सांगितलं. पंखा, धूर, पान. हौसानं पडद्यामागची गोष्ट सांगून टाकली, सरोजिनीबाईंना हसू आवरेना, तेव्हा कुठं मास्तरांना कळलं की गल्लीत आपल्यावरही पहारा होता. त्यांचे कान लाल झाले.

लतिकाबाई मात्र हसल्या नाहीत. "आणि माझी परात?"

मास्तरांनी इंजिनाच्या पोटाकडे बोट केलं.

मुंज आटोपल्यावर त्या थेट गोविंदाच्या गॅरेजात गेल्या. "परात काढून द्या."

"वहिनी, आता ती परात नाय रायली. मधे चार मोठाली भोकं, कडेनं बारकी. तिच्यात पोहेसुद्धा थांबायचे नाय. नि काढली तर इंजिन फुटेल. पन जोवर गाडी हाय तोवर परात आत सुखरूप हाय."

पुढच्या आठवड्यात अलिबागचा माणूस आला. शीळ त्याच्याही कानावर गेली होती; आता गाडी जास्तच हवी होती. मास्तर कोपऱ्यात मान खाली घालून बसले. खिंड चढली होती खरी, पण मिस्त्रीच्या दारात न जाण्याची अट मोडली होती.

"गाडी न्या," लतिकाबाई म्हणाल्या. मास्तरांनी डोळे मिटले. "पण आत माझ्या आईची परात आहे. ती काढून ठेवा, मग न्या."

त्या माणसानं एकदा बाईंकडे, एकदा बॉनेटकडे बघितलं, चहा संपवला आणि गेला.

मास्तर हसायला लागले.

"हसू नका," लतिकाबाई म्हणाल्या. "बाजारात तांबं मिळत नव्हतं? माझीच परात का? तुम्ही हे ठरवून केलंत."

आपण फक्त गोविंदाच्या तांब्यावर संशय घेतला होता, हे मास्तर सांगू शकले असते. पण सीआयडीवर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी पान तोंडात टाकलं.