डावीकडचं सफरचंद

सफरचंद हे फळ आहे ही गोष्ट साऱ्या जगात फक्त एका माणसाला मान्य नाही, आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. चाळीस वर्षं जर्मनीत, हायडेलबर्गमध्ये काढलेल्या मामांच्या मते सफरचंद ही परतून खायची वस्तू आहे. ते कच्चं खाणाऱ्यांची त्यांना कीव येते. तरुणपणी त्यांच्या खालच्या मजल्यावर एक अमेरिकन कुटुंब राहायचं. त्यातल्या बाई अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, त्यांनीच मामांना ही सफरचंदं शिकवली. बाई मायदेशी गेल्या, त्यांच्या गावाचं नावही मामा विसरले, पण कृतीत आजतागायत काडीचा फरक नाही. सफरचंद आंबटच हवं, साल काढायची नाही, बिडाच्या तव्यावर लोणी, ब्राउन शुगर, दालचिनी, चिमूटभर मीठ, आणि फोड मऊ व्हावी पण मोडू नये. बाजारात एखाद्या विक्रेत्याने कौतुकाने 'मधासारखं गोड आहे' म्हटलं, की मामा तिथूनच मागे फिरतात. एका गणपतीत ऐन आरतीच्या वेळी तवा तापून धूर झाला आणि छतावरचा राउखमेल्डर, म्हणजे धुराचा भोंगा, कोकलायला लागला. मामा टाळ्या न थांबवता म्हणाले, "वाजू दे, साथ चांगली आहे!"

पण खरा कडवेपणा वाढण्यात. ही सफरचंदं पानात डावीकडेच, लिंबाच्या फोडीशेजारी, आणि खायची ती वरणभाताबरोबर. मी एकदा ऑफिसातल्या जर्मन मित्राला जेवायला नेलं. त्या बिचाऱ्याने ती शेवटी खायची म्हणून बाजूला सारून ठेवली. मामांनी दहा मिनिटं कळ काढली, मग "आल्झो!" म्हणून गरजले, "हे नाखटिश नाही! जेवणानंतरचं गोड वेगळं आहे!" मित्राने घाबरून भाताबरोबर घास घेतला आणि नंतर तीनदा मागून घेतली. मामी मात्र कधी बधल्या नाहीत. "अहो, गोड कुणी वरणाबरोबर खातं का?" यावर मामा म्हणायचे, "पोळीबरोबर साखरांबा चालतो ना तुला?" हे भांडण त्यांच्या लग्नाइतकंच जुनं असावं.

गेल्या शरदात मामींचं मोठं ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या, पण अन्नावरची वासनाच उडाली. भात नको, सूप नको, औषधासाठी दोन घास म्हटलं तरी तोंड फिरवायच्या. मामांचा फोन आला. "जावईबापू, ती जेवत नाही हो," एवढंच म्हणाले. त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि खरं सांगतो, मी घाबरलो.

आम्ही रविवारी पोचलो तेव्हा मामांनी तवा चढवला होता. मी सफरचंदं चिरायला बसलो. बशीत चार फोडी घेऊन ते पलंगापाशी गेले. वरण नाही, भात नाही, डावी बाजू नाही. "ही एकच," म्हणाले. मामींनी एक खाल्ली. मग दुसरी. चौथी संपल्यावर म्हणाल्या, "अजून आहेत का हो?"

मामा रिकामी बशी घेऊन स्वयंपाकघरात आले. माझ्याकडे पाठ करून तव्यात लोणी घातलं. फोडी टाकल्या आणि त्या ढवळतच राहिले.

"मागितलं हो तिनं," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या तव्यातली फोड मोडली.