आत्याने ठेवलेलं नाव

ते प्रकरण अजून मनातून जात नाही. अकोटच्या ठाण्यात मी निरीक्षक होतो. एका शेतकऱ्याने लेखी तक्रार दिली की, धाकट्या भावाने जन्मनोंदणीत बाप म्हणून खोटंच स्वतःचं नाव लावलं, पोरगी त्याची नव्हेच. पोरगी पाचवीत शिकत होती. इतकी वर्षं हा गप्प का, असं मी हवालदाराला विचारलं. चहा येईपर्यंत त्याने उत्तर आणलं. वडिलोपार्जित शेताची वाटणी निघाली होती; पोरगी धाकट्याची नाही ठरली, तर तिचा हक्क उडत होता.

धाकटा ऑटो चालवायचा. जन्मनोंदणीत खोटी माहिती देणं गुन्हा आहे, असं सांगताच तो पुढे सरसावला.

"पोरगी माहीच हाय, साहेब. लगनाच्या आंधीच आमचं जमलं होतं."

खोटं बोलणारा सहसा स्वतःची कातडी वाचवतो. हा गडी स्वतःचीच अब्रू घालवत होता. महिला शिपायाला बसवून त्याच्या बायकोला वेगळं विचारलं, नवऱ्याचा जबाब ऐकवला. ती ताडकन उठली.

"काहून खोटं बोलतेत हे? पहिले मालक वारले तवा मले तिसरा महिना होता. यायले सारं ठाऊक होतं, तरी पाट लावला."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. नवऱ्याला समोर आणलं, तर त्याने हात जोडले. "खोटं बोललो त्याची सजा मले द्या, साहेब. पोरीच्या नावामांगून माहं नाव नोका खोडू."

नाव तर बापाची बहीण ठेवते. म्हणून तेव्हा कोणाला काय ठाऊक होतं हे विचारायला आत्याला, या दोघा भावांच्या बहिणीला, तक्रारदारासमोर बोलावलं. ती आली आणि थेट तक्रारदारावरच उखडली.

"पाळण्यापाशी नाव म्या ठेवलं. तुले तवाच सारं मायीत होतं, दादा. मंग बारशाच्या घुगऱ्या काहून खाल्ल्या?"

लग्नानंतर जन्मलेलं मूल कायदा नवऱ्याचंच धरतो, भावाच्या नुसत्या सांगण्याने ते बदलत नाही, असं सरकारी वकिलांनीही सांगितलं. दादाने तक्रार मागे घेतली. धाकट्याला मी खोट्या जबाबाबद्दल दम दिला आणि म्हटलं, "पोरीला तूच खरं सांग. बाहेरून कळायला नको."

खोटं पकडणं आमचं रोजचं काम. ते कोणासाठी बोललं गेलं, हे विचारायला मी त्या धाकट्याकडून शिकलो.

काही महिन्यांनी तो ठाण्यात आला.

"सांगतलं, साहेब. पोरीनं सारं आयकलं. मंग म्हने, सारं मायीत होतं, तरी मले घेतलं तुमी?"

"मग तू काय म्हणालास?"

"मीच रडलो. तिनंच डोये पुसले माहे."